आमचा कागद एकच

हे सांगणारच नव्हतो. लोखंडी स्टँडाची कहाणी कोण ऐकणार? पण मित्रांनो, सांगितल्याबिगर राहवंना.

मी वाजत न्हाई. वाजवणारांपुढं स्वरांचा कागद धरून उभा राहतो, बस. उदगीरच्या माणिकप्पा वेल्डरनं गेटाच्या उरलेल्या सळ्यांतून मला बनवलं. डोक्यावर गेटाचं फूलबी चिकटवलं! तीन पायांतला एक तेवढा आखूड राहिला. पोरं खाली कागदाची घडी कोंबायची, काम भागायचं.

आमच्या ऑर्केस्ट्रात पोरं नांदेडची अन् उदगीरची. वाजवायची विलायती सिंफनी, पण नांदेडची दखनी उर्दूत खिदळणार, उदगीरची कन्नडात कुजबुजणार. वाजवायला शिकवणाऱ्या सुदर्शन सरांनी मग एकेका स्टँडापुढं दोन्हीकडचं एकेक पोरगं बसवलं. माझ्या वाट्याला उदगीरची अंबिका अन् नांदेडची नुजहत. व्हायोलिनं दोन, कागद एक. पान संपलं की एकीनं थांबून उलटायचं, दुसरीनं वाजवत राहायचं.

"मीच का थांबू?" अंबिका फुगली.

"कायकू, हात झिजता क्या?" नुजहत.

भांडत भांडत दोघी एका डब्यात जेवायला लागल्या. अंबिकाचे आप्पा, संगप्पा, भुसार दुकानवाले. त्यांना हे पटंना. "सर, आमच्या पोरीला दुसरीकडं बसवा."

"आप्पा, लातूरचा कार्यक्रम तर बघा."

"बघतो. मग पोरीला ठेवायचं का न्यायचं, ते ठरवतो."



लातूरला संगप्पा काठी टेकत पहिल्या रांगेत बसले. गडबडीत माझ्या पायाखाली घडी घालायची राहिली. शेवटी ढोल-तुताऱ्यांनी स्टेज हादरलं अन् मी कलंडलो! नुजहतनं व्हायोलिन मांडीवर ठेवलं अन् दोन्ही हातांनी माझी मान धरली. अंबिका थांबायला लागली, तशी नुजहत फुसफुसली, "तू बजा गे!" शेवटपर्यंत तिनं मला सोडलं न्हाई.

टाळ्या सरल्यावर संगप्पा वर आले.

"काय गं पोरी, तू तर शेवटी वाजवलंच न्हाईस."

"अंबिकाने बजाया ना, चाचा. हमारा कागद एकच है."

संगप्पा खाली बसले. काठीचं रबरी टोपण काढलं अन् माझ्या आखूड पायात ठोकून बसवलं.

"आप्पा, तुमची काठी?" अंबिका.

"उदगिरात दुसरं मिळतंय. तुम्ही दोघी हितंच बसा."

मित्रांनो, तुमच्यासाठी गप उभं राहणाऱ्याचा पायबी कधी बघत जावा.

अन् नुजहत, दोस्त, तुला शब्द देतो. पुढच्या बारीला तूबी शेवटपर्यंत वाजव. मी हलणार न्हाई.