अडकलेलं दार

लेस्टरनं दोन्ही हातांनी कडी धरून ओढली, तसं दार कुरकुरलं, वरच्या कोपऱ्यात अडकलं आणि तिथंच थांबलं.

काल हेच दार एका बोटानं उघडत होतं. त्यानं चौकटीवर तळहात फिरवला. रबर जागेवर होतं, बिजागऱ्या घट्ट होत्या. तीस वर्षांपूर्वीचा कॅम्पर, ट्रकच्या पाठीवर चढवायची ती छोटीशी खोली, अंगणात चार जॅकवर उभा होता. उद्या सकाळी तो ट्रकवर चढवून बायकोसोबत, मर्नासोबत, नदीवर निघायचं होतं. दर सप्टेंबरात ती दोघं मासे धरायला जात.

काल सकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या गार्लंडनं टोमणा मारला होता, "कानस घासून घासून त्या दाराची खिडकी करशील, म्हाताऱ्या! आधी जॅकचे चारी पाय सारखे आहेत का बघ."

खरंच मागचा डावा पाय दोन बोटं खाली होता. जॅकचं हॅंडल फिरवून लेस्टरनं तो वर घेतला आणि दार सुटलं.

आज त्यानं लेव्हल, म्हणजे पाणसळ, लावून पाहिली. बुडबुडा पुन्हा एका बाजूला. मागचा डावा पाय पुन्हा खाली. जॅकखालची फळी जमिनीत रुतली असेल म्हणून तो वाकला, तर फळी कोरडी ठणठणीत, जिथल्या तिथं.

तो तरातरा कुंपणाशी गेला. गार्लंड पायरीवर कॉफी पीत बसला होता.

"थट्टा पुरे झाली हां, गार्लंड. उद्या निघायचंय आम्हाला."

"कसली थट्टा?"

"पाय खाली कोणी केला?"

गार्लंडनं कप खाली ठेवला. हसावं की नाही ते त्याला कळेना.

"अरे, काल संध्याकाळी तूच तर हॅंडल फिरवत होतास. मी हाक मारली, तर म्हणालास, दार अडकतंय, नीट करतोय."

"काल सकाळी."

"सकाळीही," गार्लंड हळूच म्हणाला. "आणि संध्याकाळीही."

लेस्टर परत आला. चष्मा पुसून तो त्या पायाशी गुडघ्यावर बसला. नीट केलेली उंची लक्षात राहावी म्हणून काल त्यानं पेन्सिलीनं एक रेघ ओढली होती. तिथं पाच रेघा होत्या. कुठली वर, कुठली खाली. प्रत्येकीपुढं तारीख, आणि आकड्यातला सात त्याच्याच पद्धतीनं मध्ये काट मारलेला. त्यानं रेघांवरून अंगठा फिरवला. एकही पुसली गेली नाही.

स्वयंपाकघरात मर्ना सुक्या खाऊचे डबे खोक्यात भरत होती.

"दार मी कधी नीट केलं?" त्यानं विचारलं.

तिचे हात थांबले. "मंगळवारी."

"आणि मग?"

"मग रोज." तिनं एक डबा खोक्यातून काढला आणि पुन्हा तिथंच ठेवला. "कधी नीट व्हायचं, कधी बिघडायचं."

"तुला माहीत होतं. बोलली का नाहीस?"

"दार उघडलं की धावत यायचास सांगायला. बघायला चल म्हणायचास." ती खोक्याकडेच बघत होती. "रोज तेव्हा कसं सांगावं ते मला सुचायचं नाही, लेस."

तो खुर्चीवर बसला. मग उठला, बाहेर गेला. मर्ना त्याच्या मागोमाग आली. या वेळी त्यानं लेव्हल तिच्या हातात दिली आणि ती "बस" म्हणेपर्यंत हॅंडल फिरवलं. दार मुकाट्यानं उघडलं.

त्यानं हॅंडल काढून तिच्यापुढं धरलं.

"कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

"मला सांगू नकोस."

तिनं ते घेतलं, ॲप्रनमध्ये गुंडाळलं.

"ट्रकही तूच चालव," तो म्हणाला.

"कॅम्पर पाठीवर घेऊन? मी कधी चालवलाय?"

"सावकाश चालव. घाई कुणाला आहे?"

मर्नानं ट्रककडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "बरं. पण वळणं तू सांगायचीस. रस्ता तुला पाठ आहे."

"पहिलं डावीकडं," तो लगेच म्हणाला. "धान्याच्या कोठारांपाशी."

मर्नानं मनातल्या मनात तो रस्ता आठवून पाहिला.

"हो," ती म्हणाली, "डावीकडं."