वहीतली जयवंता

चौक गावची आवडी लग्न होऊन कडावला आली, तेव्हा हिरामणने तिचं नाव बदलून जयवंता ठेवलं. हिरामण बिजवर. पहिली बायको चिमी बाळंतपणात गेली होती, म्हणून रीतीप्रमाणे सवतीच्या नावाचा चांदीचा टाक नव्या नवरीच्या गळ्यात बांधला.

जयवंतेने चिमीला कधी पाहिलं नव्हतं, पण घरात वावर तिचाच. सासू म्हणायची, चिमीच्या हातची भाकर अशी पातळ असायची. शेजारीण सांगायची, चिमी आवणीला, भाताची रोपं लावायला, उभी राहिली की बाकीच्या बाया मागे पडायच्या. जयवंता ऐकून जळायची. भाकरी पातळ करायच्या नादात फाटायची आणि ती फाटकी भाकरी ती स्वतःच्याच ताटात घ्यायची. एवढाच आधार होता, की तिचं नाव नुसतं चिमी. आपल्याला मात्र नवऱ्याने निवडून भारदस्त नाव दिलं.

सहाव्या वर्षी सासरा धोंडी वारला. अस्थी घेऊन दोघं कर्जतहून आगगाडीने नाशिकला गेली. तिथले उपाध्ये त्यांच्या घराण्याची वही ठेवायचे. त्यांनी पान काढून वाचलं: धोंडी, मुलगा हिरामण, सून जयवंता, दहा वर्षांपूर्वी येऊन गेले.

"मी तर पयल्यांदाच येत हाय," ती म्हणाली.

उपाध्यांनी अक्षरांवर बोट ठेवून पुन्हा तेच वाचलं. हिरामणची मान खाली गेली.

"चिमीचंच नाव ते," तो म्हणाला. "लाडाच्या नावापुढं खऱ्या नावानं तिला कुणी हाक मारलीच नाय. ती गेल्यावर वाटलं, घरात ते ऐकू यावं."

सहा वर्षं आपण चिमीच्याच नावाला ओ देत होतो, हे तिला आता कळलं. ती उपाध्यांना म्हणाली, "खाली लिवा. दुसरी बायको आवडी, चौकची."

उपाध्यांनी हिरामणकडे पाहिलं. त्याने मान हलवून होकार दिला. लिहून झाल्यावर तिने ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

कडावला परतल्यावर ती जयवंता म्हटलं की ओ देईना. सासू चार दिवस धुसफुसली, मग आवडे म्हणू लागली. हिरामण मात्र आईशी बोलताना अधूनमधून तिला जयवंता म्हणून जायचा. तो खरंच चुकतो की मुद्दाम म्हणतो, हे आवडीने कधी विचारलं नाही. तसं झालं, की त्या दिवशी त्याला वाढताना तिचा हात तेवढा आखडायचा.