गुंडोच्या छातीत मी काय ऐकलं

आयुष्यभर ऐकतच आले, आज मात्र बोलणार आहे. मी डॉक्टर बिंदुमाधवांची नळी. तीच हो, गळ्यात अडकवतात आणि छातीला लावतात ती! एकोणीसशे त्रेपन्न साली डॉक्टरांनी बंगळूरच्या मल्लेश्वरमात दवाखाना थाटला, तेव्हा मला नवी कोरी घेतली. काय रुबाब होता तेव्हा माझा!

जवळच्या कारखान्यातली मराठी माणसं आमच्याकडेच यायची. पण निम्मी आजारी नसायचीच. साध्या रजेची मारामार, म्हणून आजारपणाचा दाखला हवा असायचा. बेळगावकडचा गुंडो तर भावाचं लग्न आलं, गावची जत्रा आली, की हजर. "डॉक्टर, स्वल्प ताप लिवा की वो!" डॉक्टर हसायचे, मला लावल्यासारखं करायचे आणि ताप लिहायचे. आत छाती कशी ठणठणीत! मला मेलीलाही गंमतच वाटायची.

एकसष्टच्या उन्हाळ्यात गुंडोला कारखान्यातल्या भट्टीपुढे खरंच चक्कर आली. बायको गंगव्वा त्याला धरून घेऊन आली. मी छातीला टेकले आणि हादरलेच. ठोके अडखळत होते, मध्येच गप्प होत होते.

"महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"आजारपणाची रजा कुठली आणू? लग्नात, जत्रेत सगळी संपली की! नोकरी पक्की नाही माझी. उद्या गेलो नाही तर पटावरनं नाव काढून टाकतील. कामाला लायक म्हणून लिवा. आजवर कधी नाही म्हटलं नाही तुम्ही."

"नको वो अण्णा, लिवू नका!" गंगव्वा रडकुंडीला आली.

डॉक्टरांनी त्याला खूप समजावलं. शेवटी लिहिलं. अहो, मी काय ऐकलं ते आठवा, असं ओरडावंसं वाटत होतं मला. पण नळीला कुठलं तोंड?

आठवड्याच्या आत गुंडो भट्टीपुढे कोसळला, तो उठलाच नाही.

नंतर गंगव्वा एकटीच आली. रडली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही लावली होती नव्हं तुमी? मग काय ऐकू आलं होतं?"

डॉक्टरांनी मला गळ्यातून काढलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून मी खिळ्यालाच आहे. आता सदुसष्ट साल लागलंय, माझं रबर चिरलंय. डॉक्टर मला हातही लावत नाहीत. दारात माणूस आला, की मान वर न करता विचारतात, "काय लिहू? आजारी, की बरा?"

मला खुशाल फेकून द्या हो. पण समोरच्याच्या छातीला निदान कान तरी लावा!