दुसरा फोन

“बटण दाबण्याआधी वाचनालयाला विचारायचं, सुचिता. त्या रकान्यात तुम्ही नेमकं काय लिहिता, ते.”

हे काम शिकवणाऱ्या नंदकुमार सरांचा आवाज आठवला, तेव्हा बटण दाबून अर्धा तास झाला होता. सुचिताने फोन दुसऱ्या कानाला लावला. वाचनालयं वापरतात त्या खुल्या, फुकट सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि एकेका वाचनालयाला तिच्यात आणून सोडायचं काम बेलापूरच्या ऑफिसात सुचिताच्या गळ्यात पडलं होतं. तीन आठवड्यांत हे एकेचाळिसावं. त्यात गुरुवारचा उपास. सकाळपासून पोटात नुसता चहा.

“अगं, माझी माणसं कुठे गेली?” नेरूळच्या वाचनालयातून मालतीबाई विचारत होत्या.

“तीनशे बारा सभासद दिसतायत की.”

“नावं आहेत गं. ‘दुसरा फोन’चा रकाना सगळा कोरा झालाय.”

“सगळ्यांचे दोन-दोन फोन होते?”

“फोन कुठला! शेरा लिहायला जागा नव्हती, म्हणून मी तिथेच लिहायचे. कुणाला घरपोच, कुणाला काय. आज घरपोचचा वार. पिशवी भरून बसलेय, जाऊ कुणाकडे? तूच म्हणालीस ना, एक अक्षर हलणार नाही?”

म्हणाली होती खरी. नव्या आवृत्तीला फोनच्या रकान्यात फक्त आकडे चालत. अक्षरं तिने केर काढावा तशी काढून टाकली होती.

“जुनी प्रत आहे माझ्याकडे. देवाशप्पथ, सगळं देते.”

“शपथ नको. यादी दे.”

शेजारच्या टेबलावरून मिथुन हसला. “फोन नंबरच्या जागी निबंध? टाका ना मॅडम सॉफ्टवेअरच्या फोरमवर, बघेल कोणीतरी.”

सुचिता जुनी प्रत उघडून एकेक ओळ उतरवू लागली.

बाळाबाई – मोठी अक्षरं. डावा डोळा गेला.

पार्थ – भुताची नकोत, आई रागावते.

सुंदराबाई – मुलगा गेला. सध्या हसरं काहीतरी.

नंदकुमार – जिना उतरवत नाही. घरपोच. पुस्तक उघडत नाहीत, तरी न्यावं. माणूस हवा असतो. तासभर बसणे.

तिचं बोट माउसवर थांबलं. सर निवृत्त झाले त्या दिवशी वाकून नमस्कार करताना ती म्हणाली होती, दर गुरुवारी येत जाईन सर, मठाच्या वाटेवरच तर आहे तुमचं घर. त्याला दोन वर्षं झाली. उपास एकही मोडला नव्हता; सरांचा जिना मात्र एकदाही चढली नव्हती.

तिने पुन्हा फोन लावला.

“मालतीबाई, यादी पाठवलीय. एक नाव सोडून.”

“कुणाचं?”

“त्यांचं पुस्तक बाजूला काढून ठेवा. नंदकुमार सरांचं. मी येतेय न्यायला.”

“चहा बिनसाखरेचा घेतात हो ते,” मालतीबाई म्हणाल्या. “ते लिहायचं राहिलं होतं.”

सुचिताने खिचडीचा न उघडलेला डबा पिशवीत टाकला.

“मठात?” मिथुनने विचारलं.

“मठाच्या अलीकडे,” ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.