पांघरुणाला अजून चार ओळी

ज्या वर्षी बाबांचा पाय मोडला, ते थोरलीला आपल्या लहानपणातलं सगळ्यात सुखाचं वर्ष वाटतं. हे ती बरीच वर्षं कुणाजवळ बोलली नव्हती. बापाचा पाय मोडला म्हणून सुखावणारी मुलगी म्हणजे काय म्हणावं, असं कुणालाही वाटलं असतं. पण खरं तेच होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि धाकटी चारची. त्याआधी बाबा म्हणजे दाराशी काढून ठेवलेले तेलकट बूट आणि आंघोळ करूनही न जाणारा डिझेलचा वास, एवढीच त्या दोघींची ओळख.

बाबा बसच्या आगारात मेकॅनिक होते. सकाळी मुली उठायच्या आत निघायचे आणि परत यायचे तोवर मुली ताटावर पेंगायला लागलेल्या असायच्या. एके दिवशी गिअरबॉक्स उतरवताना साखळी निसटली आणि ते धूड त्यांच्या उजव्या पायावर पडलं. हाड दोन ठिकाणी मोडलं. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर चढलं आणि डॉक्टरांनी चार महिने घराबाहेर पडायचं नाव काढू नका म्हणून बजावलं.

घरात पहिल्याच आठवड्यात तारांबळ उडाली. आई टपाल कचेरीत पत्रं लावायच्या कामावर होती. सातला तिथं हजर व्हायचं, म्हणजे पाचला उठून सगळ्यांचा दोन वेळचा स्वयंपाक, मुलींच्या वेण्या, नवऱ्याचे हातपाय पुसणं. दोन आठवड्यांत तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं. तेव्हा घरातल्या बोळात झाकून पडलेल्या त्या फ्रीजरची तिला आठवण झाली.

तो फ्रीजर म्हणजे घरातला जुना भांडणाचा विषय होता. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून बाबांनी तो दोन वर्षांपूर्वी आणला होता. दुरुस्त केला, चालू करून दाखवला, आणि मग त्यात ठेवायचं काय हे कुणालाच सुचेना. बाथरूमला जाणाऱ्या माणसाला अंग चोरून जावं लागे. एका बाजूला गुलाबी आइस्क्रीमचं भलंमोठं चित्र होतं, त्यामुळे गल्लीतली पोरं उगाच दारात रेंगाळत. आईनं त्यात जुन्या रजया कोंबल्या होत्या. त्या तिनं बाहेर काढल्या, फ्रीजर आतून सोडा लावून घासला आणि जाहीर केलं की यापुढं आठवड्याचा स्वयंपाक रविवारी व्हायचा.

पहिल्या रविवारी तिनं मोठ्या पातेल्यात घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा केला, टोमॅटोचं सूप केलं, मटणाचा खिमा परतला. सगळं गार करून घरात होत्या नव्हत्या तेवढ्या काचेच्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरलं आणि ओळीनं फ्रीजरमध्ये रचलं. सोमवारी दुपारी थोरलीनं झाकण उघडलं तर चार बरण्या तडकलेल्या. रश्श्यात काचेचे तुकडे. सगळा रस्सा फेकून द्यावा लागला. संध्याकाळी आई मोरीपाशी बसून रडली, तेही आवाज न करता, म्हणून मुलींना जास्तच भीती वाटली.

बाबांनी पलंगावरून हाक मारली. म्हणाले, "अगं, गोठताना पाणी फुगतं. थंडीत रेडिएटरचं पाणी काढलं नाही तर इंजिनाचा ब्लॉक फुटतो, तिथं तुझ्या बरणीचं काय घेऊन बसलीस? वरती दोन बोटं जागा सोड."

आईनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं की हे काल सांगायला काय झालं होतं. ते म्हणाले, काल मला कुणी विचारलं? त्या क्षणी आईला हसू फुटलं. त्या दिवसापासून रविवारचा स्वयंपाक बाबांच्या पलंगाशेजारी होऊ लागला. लसूण सोलायला, शेंगा मोडायला, कांदा चिरायला पाय लागत नाहीत, असं आईनं त्यांना सुनावलं आणि मांडीवरच्या प्लास्टरवर परात ठेवून दिली. मग त्यांनी या कामात आपलं डोकंही चालवलं. बरण्यांऐवजी चपट्या पिशव्या आल्या, कारण चपटं लवकर गोठतं नि लवकर सुटतं. गोठवलेला बटाटा भुसभुशीत लागतो म्हणून बटाटा त्या त्या दिवशी उकडून घालायचा ठरलं. प्रत्येक पिशवीला बाबा चिकटपट्टी लावत आणि आगारातल्या सुट्या भागांना देतात तसा नंबर देत. एका वहीत नंबरापुढं पदार्थ, तारीख, माणसं किती. आईनं तिच्या कचेरीतल्या खणांसारखे वारांचे खण केले. सोमवारचं सोमवारी. धाकटीला वाचता येत नव्हतं, तरी मधल्या खणात खिमा असतो हे तिला पक्कं ठाऊक झालं.

हे झालं रविवारचं. बाकीचे सहा दिवस बाबा छताकडे बघत पडायचे. त्यांचे हात रिकामे राहिले की ते चिडायचे. घरातलं घड्याळ उघडून जोडून झालं, रेडिओ झाला, शिवणाचं यंत्र झालं. मग वरच्या मजल्यावरच्या बाई त्यांना भेटायला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. बाईंच्या हातात कायम क्रोशाची सुई आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. बोलता बोलता हात चालू. बाबा त्यांच्या बोलण्याला हूं हूं करत होते, पण डोळे त्या सुईवरून हलत नव्हते.

शेवटी त्यांनी विचारलं, "हे गाठ न मारता टिकतं कसं?"

बाईंनी सुई त्यांच्या हातात दिली. आधी साखळी, मग साखळीवर खांब. नावं ऐकून बाबा खुश झाले, ही तर आपलीच भाषा म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांनी जे विणलं ते धाकटीनं वाकडी शेपटी म्हणून पाठीला बांधून मिरवलं. पण आठवड्याभरात टाके एकसारखे पडायला लागले. बोल्ट किती आवळायचा हे ज्या बोटांना कळतं, त्यांना दोरा किती ओढायचा हेही कळतंच, असं बाई सगळ्यांना सांगत सुटल्या. धाकटीला टोपी झाली, हातमोजे झाले, तिच्या बाहुलीला कोट झाला. त्याला बटणं म्हणून बाबांनी पितळेचे वॉशर लावले होते.

मात्र आगारातलं कुणी भेटायला आलं की सगळी लोकर उशीखाली जायची. एकदा त्यांचा जोडीदार वेल्डर आला. दणकट, बोलायला फटकळ. तो नेमका उशीवर बसला आणि बूड टोचलं म्हणून उठला, तर हातात क्रोशाची सुई. बाबांचे कान लाल झाले. थोरली दारात उभी होती, तिला वाटलं आता हा माणूस सगळ्या आगारात बभ्रा करणार. वेल्डरनं सुई उजेडात धरून टोक पाहिलं. मग अर्धवट झालेली टोपी उचलून आतून बाहेरून तपासली, एखादं जोडकाम तपासावं तशी. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं की त्याच्या मुलीला महिन्यापूर्वी मुलगी झालीय, तिच्या मापाची जमेल का. महिना संपेपर्यंत आगारातल्या सात तान्ह्या बाळांच्या डोक्यांची मापं बाबांच्या वहीत आली, खिमा आणि रश्श्याच्या नंबरांखाली.

थोरलीनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ती शाळेतून येई, दप्तर टाके आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून बाबांना दिवसभराचं सगळं सांगे. ते ऐकत. मधेच तिला थांबवून विचारत, मग ती काय म्हणाली? इतकं लक्ष देऊन तिचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. एक दिवस ते आपणहून म्हणाले की आता तुझ्यासाठी पांघरूण करतो, निळं आणि पांढरं. आणि सहज बोलून गेले, "हे पूर्ण होईल तेव्हा माझं प्लास्टरही निघेल बघ. मग मी कामावर."

ते त्यांना सुखाचं बोलणं वाटलं होतं. थोरलीनं मात्र पांघरूण किती झालंय ते वितींनी मोजून पाहिलं.

पांघरूण कमरेपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, पायांपर्यंत आलं. बाबांनी तिला आडवं करून अंगावर टाकून पाहिलं तर बोटं बाहेर. त्यांनी चार ओळी वाढवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटं बाहेर. अजून चार. तिसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली की अहो, तिला काय अंगाला खत घातलंय का. धाकटीनं काही दिवस हे पाहिलं आणि एका दुपारी जाहीर करून टाकलं की ताई मुद्दाम खाली सरकते.

बाबांनी धाकटीला बाईंकडे लोकर आणायला पाठवलं. मग अवजारांच्या पिशवीतून पोलादी टेप काढायला लावली आणि थोरलीला भिंतीशी उभं केलं.

"गेल्या महिन्यात तू चार फूट दोन इंच होतीस," ते म्हणाले. "आजही तेवढीच आहेस. पांघरूण पाच फुटांच्या वर गेलंय. मग पाय बाहेर येतात कसे?"

 टेपचं टोक तिच्या टाचेखाली होतं, ते तिनं तसंच दाबून धरलं. मग ती म्हणाली, "संपवू नका ना."

बाबांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी टेप गुंडाळली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी पांघरूण मांडीवर ओढून घेतलं आणि सुईवर टाका घेतला.

"किती ओळी अजून?"

"चार."

त्यांनी चार घातल्या. दुसऱ्या दिवशी तिनं सांगायच्या आत आणखी चार. दोघं त्या विषयावर बोलत नव्हती, पण रोज दुपारी ती शाळेतून आली की ते सुई हातात घेत आणि ती गोष्टी सांगायला लागे. पांघरूण पलंगावरून उतरून जमिनीला टेकलं. बाईंनी एकदा विचारलं की हे एवढं कुणासाठी, उंटासाठी का? बाबा म्हणाले, हो, निळ्या उंटासाठी.

प्लास्टर निघायचं तेव्हा निघालंच. पाय वाळल्यासारखा दिसत होता, त्याला तेल लावून महिनाभर काठीनं चालणं झालं, आणि एका सोमवारी बाबा कामावर निघाले. थोरली पांघरुणातून बाहेर आली नाही. डोक्यावरून घेऊनही ते पायाशी उरत होतं. बाबा पलंगाशी थांबले हे तिला बुटांच्या आवाजावरून कळलं. मग दार लागलं.

शाळेतून ती मुद्दाम उशिरा, रमतगमत आली. घरात शिरली तर रश्श्याचा वास. बाबा शेगडीपाशी उभे राहून सोमवारची पिशवी गरम करत होते, काठी ओट्याला टेकवलेली. तिला वाटलं पहिलाच दिवस म्हणून लवकर सोडलं असेल. पण मंगळवारीही ते चारला घरी होते, बुधवारीही. आणि मग कायमच. ते आता पहाटेच्या पाळीला जात होते. नऊ वर्षांच्या मुलीला याचं कारण विचारावंसं वाटत नाही. चारला बाबा घरात असतात, ही सूर्य उगवण्यासारखी गोष्ट झाली होती.

ते पांघरूण पुढं दोघी बहिणींनी आडवं घेऊन वापरलं. रविवारचा स्वयंपाक चालूच राहिला. तो फ्रीजर आणखी अकरा वर्षं चालला.

यंदा थोरलीच्या मुलाला मुलगी झाली. सुनेला पहिले दोन महिने स्वयंपाकघरात उभं राहावं लागू नये म्हणून थोरलीनं आईला घरी आणलं आणि दोघी सलग तीन दिवस पिशव्या भरत बसल्या. आईची नजर अधू झालीय, पण लसूण ती अजून बोटांनीच ओळखते. बोलता बोलता त्या वर्षाचा विषय निघाला आणि थोरली पहिल्यांदाच बोलून गेली की ते तिचं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं.

आईनं लसणाची आणखी एक पाकळी सोलली. मग म्हणाली की त्या वर्षी तुझ्या बाबांना फोरमन करणार होते. पाय असा झाला म्हणून बसून करायच्या कामाची जागा द्यायची ठरली होती. फक्त दुपारची पाळी, रात्री दहापर्यंत. यांनी नाही म्हणून सांगितलं आणि पहाटेची पाळी मागून घेतली, पुन्हा बसच्या खाली झोपून काम करायची, त्या पायानं. "महिनाभर बोलले नव्हते मी त्यांच्याशी," आई म्हणाली. "मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. त्यांनी कारण काही सांगितलं नाही. मलाही नंतर हळूहळूच कळलं."

थोरलीचे हात पिशवीवर थांबले. एवढी वर्षं ती समजत होती की तिला बाप दिला तो मोडलेल्या पायानं, आणि पहाटेची पाळी आगारानंच लावली होती.

त्या संध्याकाळी ती आईला सोडायला गेली. बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते, पाय स्टुलावर. त्यांना पंचाऐंशी वर्षं पूर्ण झाली आहेत. पणतीच्या टोपीचं काम चालू होतं, पण आता टाके मोजताना त्यांची गल्लत होते, म्हणून ती टोपी गेल्या आठवड्यापासून तीनदा उसवली होती. थोरली शेजारी बसली आणि तिनं विचारलं की फोरमनचं मला कधी सांगितलं का नाही.

त्यांना आधी ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

"त्यात सांगायचं काय?" ते म्हणाले. "तू शाळेतून यायचीस चारला."

मग त्यांनी ओळ तिच्यापुढं धरली आणि टाके मोजून दे म्हणाले. तिनं मोजले. अठ्ठेचाळीस होते, पन्नासाला दोन कमी पडत होते.