तासांचा रकाना

मी गुणांचा तक्ता बोलतोय. शाळेतला नाही, सर्जिकल वॉर्डातला. पोटात पू पसरलेला माणूस जगेल की नाही, याचा अंदाज माझ्यावरून बांधतात. माझ्याकडे ज्याला जास्त गुण, त्याचं काही खरं नसतं.

वॉर्डाच्या डॉक्टरबाईंनी मला छापून आणलं, प्लॅस्टिकमध्ये मढवलं आणि सिस्टरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलं. वय, पू, दुखणं सुरू होऊन किती तास झाले, असे माझे रकाने. मार्करने आकडे लिहायचे, बेरीज करायची आणि पुढच्या रोग्यासाठी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायचं. इतकी माणसं अंगावरून पुसली गेली की मी कोडगा झालो होतो.

बाई हुशार, पण तोंडाने फटकळ. रोग्याला उशिरा आणलं की त्याच्या माणसांना झापायच्या, "इतके दिवस झोपा काढत होतात का?"

त्या दिवशी दोन ऑपरेशनं झाली, एका म्हातारीचं आणि एका शिंप्याचं. दोघांचीही आतडी फुटलेली. म्हातारीच्या मुलाने दोन दिवस झाल्याचं कबूल केलं आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. मग बाईंनी शिंप्याच्या बायकोला विचारलं, "यांना कधीपासून दुखत होतं?"

तिने सगळं ऐकलं होतं. खाली बघत म्हणाली, "आज पहाटेपासूनच."

एक दिवस उलटला की जे तासांचे चार गुण चढतात, ते शिंप्याला लागले नाहीत. शिंप्याचे एकवीस, म्हातारीचे तेवीस. अतिदक्षता विभागात खाट एकच रिकामी होती. जास्त गुण म्हणून ती म्हातारीला मिळाली.

तिसऱ्या दिवशी शिंपी वॉर्डातच वारला. त्याची बायको माझ्याखाली भिंतीला टेकून बसली. "तीन दिवस दुखत होतं, बाई. शाळेचे गणवेश द्यायचे होते, मशीनवरून उठलेच नाहीत. तुम्ही रागवाल म्हणून मी बोलले नाही. खरं सांगितलं असतं तर वाचले असते का?"

"नाही सांगता येत," बाई म्हणाल्या.

मलाही येत नाही. शंभरातले साधारण किती जातील ते मी सांगतो, कोण जाईल ते नाही. पण पंचवीस गुण झाले असते तर खाट त्याची होती. आणि म्हातारी वॉर्डात राहिली असती, हेही खरंच.

शिंप्याची बायको निघून गेल्यावर बाईंनी माझ्या तासांच्या कोऱ्या रकान्यात चारचा आकडा लिहिला, बराच वेळ बघितला आणि बोटानेच पुसला. मला फार वाईट वाटलं.

आता माझे कोपरे सुटलेत. तासांचा रकाना तर पुसून पुसून धूसर झालाय. बाई हल्ली स्टूल ओढून जवळ बसतात आणि हळू आवाजात विचारतात. तरीही लोक एखादा दिवस कमीच सांगतात. त्यांना एवढंच विनवतो, माझ्यापासून तास लपवू नका. मला रागावता येत नाही, आणि खोटंही ओळखता येत नाही.