जावयाचा बोनस

सेवकराम बिसेन यांचं सालेकशात कृषी केंद्र होतं, अंगणात एक मारुती होती आणि डोक्यात एकच वेड होतं. विम्यापायी एक पैसा फुकट जाता कामा नये. गाडीतला टेप बिघडला, तसा त्याच्या विम्याचा जादा हप्ता त्यांनी लगेच बंद करवला. ओरखडा आला, पोचा पडला, तरी क्लेम टाकला नाही. कारण क्लेम घेतला की पुढच्या वर्षीची सूट, म्हणजे 'नो क्लेम बोनस', गेलीच म्हणून समजा. लग्नात असो की तेरवीत, गाडीवाला दिसला की सेवकराम त्याला गाठून हे ऐकवत. बिचाऱ्याची जेवणावरची वासना उडे. अशी चार वर्षं बिनक्लेमची काढली होती. डिसेंबरअखेर पाचवं भरलं की गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर थेट निम्मी सूट मिळणार होती. सेवकरामना त्या निम्म्याची स्वप्नं पडत.

आणि नेमका दसऱ्याला चुन्नीलाल आला. चुन्नीलाल म्हणजे बायकोचा, शामकलाबाईंचा धाकटा भाऊ. अर्जुनी मोरगावचा विमा एजंट. दरवर्षी हप्ता तोच भरायचा, नवी पॉलिसी घरपोच आणून द्यायचा, मग जेवून पैसे घेऊन जायचा. या दसऱ्याला त्याला गाडीच्या पूजेचं भलतंच भरतं आलं.

"अरे, नारळ दगडावर फोड!" सेवकराम ओरडले.

"भाऊजी, गाडीचा नारळ गाडीवरच फोडा लागते," असं म्हणत त्याने बंपरवर हाणला. नारळ निसटला आणि हेडलाइटच्या ठिकऱ्या झाल्या. नारळाला मात्र चीरसुद्धा गेली नाही.

"घाबरता कायले? विमा आहे ना! क्लेम टाकून देतो."

"खबरदार! दिव्याच्या दामाहून कितीतरी जास्त माही सूट जाईन. एवढं कळत नाही, कशाचा एजंट आहेस तू?"

पण चुन्नीलालला चैन पडेना. भाऊजींना नुकसान नको म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी परस्पर क्लेम टाकलाच. दिवा बघायला माणूस येतो म्हणून गोंदियाच्या विमा कचेरीतून फोन आला, तेव्हा सेवकरामचं टाळकं सणकलं. दुकान बंद करून ते गोंदियाला धावले, साहेबाच्या हातापाया पडून क्लेम मागे घेतला, स्वतःच्या खिशातून दिवा बसवला आणि घरी येऊन साळ्याला फोन लावला.

"यापुढं माह्या पॉलिसीले हात लावशीन तं याद राख!"

त्यानंतर ते जे रुसले ते रुसलेच. दिवाळीनंतर सासरच्या गावची मंडईची जत्रा आली. दंडारीचं नाच-नाटक पाहायला सारे पाहुणे गेले. हे गेले नाहीत. शामकलाबाई एकट्याच बसने जाऊन आल्या आणि आठवडाभर भांडी आपटत राहिल्या. डिसेंबरात चुन्नीलालचा फोन आला, तो शामकलाबाईंनी उचलला.

"अजी, काही काम आहे म्हणते."

"घरी नाहीत म्हण. मी जावई माणूस. माफी मागाची असन तं दारात येऊन माग म्हणा."

पुन्हा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा सेवकराम खाटेवर बसून घरी नव्हते. पॉलिसी संपल्याची तारीख त्यांना पक्की ठाऊक होती. पण चुन्नीलालने हप्ता नक्कीच भरलाय, कागद घेऊन तो झक मारत येणार, आणि तेव्हाच आपण माफ करणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. जानेवारी गेला, मार्चही गेला. ते ऐटीत गाडी फिरवत राहिले.

एप्रिलात चुन्नीलाल खरोखरच दारात आला. पोरीचं लग्न निघालं होतं. पत्रिका ठेवून तो पाया पडला. सेवकराम विरघळले.

"बरं, झालं गेलं. आण तो कागद."

"कोणता कागद?"

"पन्नास टक्क्यांवाला! पॉलिसी!"

चुन्नीलालचा चेहरा पडला. "भाऊजी, तुमीच म्हटलं, हात लावू नोको. म्हनून तं फोन करून राहिलो होतो, भरू का म्हनून. मले वाटलं, तुमी गोंदियात भरली."

सेवकरामनी बोटांवर महिने मोजले. नव्वद दिवस केव्हाच उलटले होते. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत हप्ता भरला नाही तर सगळी सूट जाते, हे त्यांनीच अख्ख्या तालुक्याला पाठ करवलं होतं. पाच वर्षांचा बोनस गेला होता. आता ओरडायचं कुणावर, हेही त्यांना कळेना.

"चला, आजच गोंदियाले जाऊ. नवी तरी काढू," चुन्नीलाल हळूच म्हणाला.

सेवकरामनी खुंटीवरून चावी काढली आणि पुन्हा अडकवली. बिनविम्याची गाडी रस्त्यावर कशी काढणार? इतके दिवस मात्र काढली होती. ते मुकाट्याने साळ्याच्या मोटारसायकलवर मागे बसले.

शामकलाबाई दारात आल्या.

"अजी, कोणाचा फोन आला तं काय सांगू? आज घरी आहेत का नाहीत?"